शाई लागली, पण बटण नाही दाबलं

२००९ ची विधानसभा. केंद्राध्यक्ष म्हणून माझी पहिलीच ड्युटी, खेड्यातली शाळा, दुपारी गर्दी ओसरलेली. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आले, यादीत नाव सापडलं, बोटाला शाई लागली, रजिस्टरात अंगठा झाला, आणि कंट्रोल युनिटवाल्या सरांना चिठ्ठी देताना म्हणतात, "मला कुणालाच द्यायचं नाय. तसं लिहून घ्या." सर माझ्याकडं बघायला लागले.

मी आधी त्यांची समजूत काढायला गेलो (चुकलंच माझं, मी कोण सांगणारा), मग हँडबुक चाळलं तेव्हा नियम ४९-ओ सापडला. १७-अ रजिस्टरात (मतदारांची नोंद होते ते) त्यांच्या नावापुढं मतदान न करण्याचा शेरा लिहायचा आणि परत अंगठा घ्यायचा. आणि हे सगळं उमेदवारांच्या पोलिंग एजंटांच्या डोळ्यांदेखत. एक तर उठून वाकून बघायला लागला, दुसरा हसत म्हणाला, "काय तात्या, आमचं काय चुकलं?" तात्यांनी अंगठा पुसायला कागद मागितला आणि एक शब्द न बोलता गेले. ज्यांनी मत दिलं त्यांचं गुपित राहिलं, यांचं मात्र संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार, आणि त्यावर सही माझी.

२७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला तेव्हा तात्याच आठवले. नाकारणाऱ्यालाही गुप्तता हवी, मशीनवर तसं बटण द्या, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' असं नोटाचं, असं कोर्टानं सांगितलं. केस २००४ सालची, पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं टाकलेली. ही संघटना कुणाची म्हणून शोधलं तर १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, जयप्रकाश नारायणांच्या पुढाकारानं उभी राहिलेली आणि पहिले अध्यक्ष वि. म. तारकुंडे. आपल्या सासवडचे! सासवडला मी शंभर वेळा गेलो असेन, पण हे नाव कधी कानावर पडलं नव्हतं. १९५७ पासून मुंबई हायकोर्टाचे जज, १९६९ ला स्वतःहून खुर्ची सोडली आणि दिल्लीत वकिली, आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टात उभे राहिले, तिथं हरलेसुद्धा. मार्च २००४ मध्ये ते गेले, म्हणजे नोटाचं बटण काही त्यांनी पाहिलं नाही.

२०१४ च्या लोकसभेला परत ड्युटी, गाव दुसरं. सकाळी मॉक पोलला (मतदानाआधी मशीन तपासायला घेतात तो) एजंटांनी आपापली बटणं दाबली, शेवटचं नोटाचं दाबायला एकजण पुढं येईना. शेवटी मीच दाबलं.