इंजिनरूमची उष्णता आणि हवेची वाट

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातील मोटरयॉटची इंजिनरूम भट्टीसारखी तापते, आणि बहुतेक मालक त्यावर पहिला उपाय म्हणून गरम हवा बाहेर ओढणारा आणखी एक पंखा बसवून घेतात. माझे ठाम मत असे आहे की, हवा बाहेर काढण्याआधी ती आत कुठून आणि किती येते, हे पाहायला हवे.

डिझेल इंजिनाला केवळ जळणासाठीच दर अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे २.५ घनफूट हवा लागते. म्हणजे ३०० अश्वशक्तीची दोन इंजिने मिनिटाला १,५०० घनफूट हवा ओढतात, आणि खोलीतील उष्णता वाहून नेणारी हवा याहून वेगळी. आत येण्याची वाट अरुंद असेल, तर इंजिने आणि पंखा त्याच हवेसाठी ओढाताण करतात. शिवाय ३० अंशांची हवा ५५ अंशांवर गेली की सुमारे ८ टक्के विरळ होते. इंजिन धूर सोडू लागते, बॅटऱ्या आणि रबरी होज लवकर खराब होतात.

याची परीक्षा सोपी आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात थोडे पाणी भरावे, एक टोक इंजिनरूममध्ये सोडावे आणि दुसरे केबिनमध्ये उघडे ठेवावे. पूर्ण वेगात इंजिनरूमच्या बाजूचे पाणी वर चढले, तर आत हवा कमी पडते आहे. बेतीच्या धक्क्यावरील एका यॉटवर हे पाणी चांगलेच चढले होते. बाहेरची जाळी काढली, तर मागच्या गाळणीवर मीठ आणि धुळीचा घट्ट पापुद्रा बसलेला होता. गोड्या पाण्याने ती धुतल्यावर तांडेल म्हणाला, “साहेब, धूर कमी झाला!” नवा पंखा घ्यावाच लागला नाही.

हवा तळाशी सोडावी आणि विरुद्ध बाजूने छताजवळून बाहेर काढावी. नाहीतर ताजी हवा आली तशी निघून जाते आणि कोपऱ्यातील उष्णता तिथेच राहते. एक्झॉस्टच्या पाइपावरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, फाटलेले असेल, तर तेही वेळेवर बदलावे. इंजिन बंद केल्यावर तापलेले लोखंड बराच वेळ उष्णता सोडत राहते, म्हणून पंखा पुढे अर्धा तास चालू ठेवावा. मात्र आग विझवणारी वायूयंत्रणा सुटताच सर्व पंखे आपोआप बंद होतील, अशी जोडणी असलीच पाहिजे. नाहीतर तो वायू पंख्यांवाटे बाहेर जाईल आणि आगीला ताजी हवा मिळत राहील.