सिम चालू झालं, पण एसएमएस येईना

फोन हरवला तेव्हा मी रडले नाही. रडू आलं ते नवीन सिम चालू झाल्यानंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी. आजही ती कस्टमर केअरची धून कुठे वाजली तरी डोकं फिरतं.

फोन प्रवासात सीटवर राहिला. दादाच्या फोनवरून दोनदा रिंग गेली, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. लगेच कंपनीला फोन करून जुनं सिम बंद करून घेतलं, ओळखपत्र घेऊन दुकान गाठलं, फॉर्म भरला, फोटो काढला, सिम हातात. अर्धा तास लागला असेल. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चार तासांत चालू होईल, मॅडम." बस, एवढंच.

कपाटातला जुना फोन चार्जिंगला लावला आणि सिम घातलं. चालू करायला कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर त्यांनी कार्डावरच्या क्रमांकाचे शेवटचे अंक विचारले. ८९ ने सुरू होणारा तो लांबलचक आकडा. तो सिमवर छापलेला, सिम फोनच्या आत, आणि ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून मी ते तोडलं ती कचऱ्याच्या डब्यात. डबा पालथा केला. चौकट मिळाली, पण अक्षर मुंगीएवढं. दादाने चष्मा कपाळावरून खाली घेत एकेक अंक वाचला. तेव्हा चौकट निदान आठवडाभर तरी टाकू नका. आपला मोबाइल नंबर सिमवर नसतोच मुळी. कंपनी तिच्याकडच्या नोंदीत आपला नंबर या कार्डाला जोडते, म्हणून त्यांना कार्डाचा क्रमांक लागतो.

संध्याकाळी ६.४० ला रेंजच्या काड्या आल्या. दादाला कॉल लावून पाहिला, लागला. इंटरनेट चालू. झालं, सुटले, असं वाटलं.

मग बँकेचं अॅप उघडलं. ओटीपी पाठवलाय म्हणे. आला नाही. 'पुन्हा पाठवा.' नाही. ईमेलचं लॉगिन, तिथेही ओटीपी. नाही. दादाच्या फोनवरून 'अ' एवढाच एसएमएस स्वतःला पाठवला. तोही नाही. कॉल येतायत, नेट चालतंय, मग एसएमएसनेच काय घोडं मारलं होतं?

कस्टमर केअरला फोन. "मॅडम, फोन एकदा बंद करून चालू करा." केला. अर्ध्या तासाने दुसरी मुलगी: "सिम काढून पुन्हा घाला." घातलं. तिसरा म्हणाला, मेसेज सेंटरचा नंबर तपासा. तपासला, बरोबर होता. शिवाय तो नंबर मेसेज पाठवताना लागतो, येणाऱ्या मेसेजशी त्याचा संबंध नाही, हे मला नंतर कळलं. चौथ्याने तक्रार नोंदवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुमचा तक्रार क्रमांक एसएमएसने येईल." मी दोन सेकंद गप्प. मग म्हटलं, "अहो, एसएमएस येत नाही हीच तर तक्रार आहे." तो म्हणाला, "हो मॅडम, आणखी काही मदत?"

रात्री झोप नाही. फोन कुणाच्या हातात असेल या भीतीने तासातासाला उठून बँकेत ओटीपी मागवत होते. सकाळपर्यंत बँकेने, प्रयत्न फार झाले म्हणून, लॉगिनच बंद केलं. हा माझा मूर्खपणा. ओटीपी आला नाही तर दोनदा पाहा आणि हात आवरा.

दुपारी पुन्हा फोन केला तो एका वयस्कर वाटणाऱ्या बाईंनी उचलला. त्यांनी फक्त विचारलं, "सिम किती वाजता चालू झालं?" सांगितलं. "मग आज सहा चाळीसनंतर येतील. नवीन सिमवर आम्ही चोवीस तास एसएमएस बंद ठेवतो."

एका वाक्यात संपलं! फोन हातात धरून मी तिथेच रडले.

कारण समजल्यावर पटलंही. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून आपल्या नंबरचं सिम आपल्या नावाने स्वतः काढून घेतलं, तर ओटीपी त्याच्याकडे जातील आणि खातं रिकामं होईल. एक दिवस एसएमएस बंद राहिले, तर खऱ्या मालकाला आपल्या फोनची रेंज गेल्याचं लक्षात यायला वेळ मिळतो. नियम चांगलाच आहे. पण तो काउंटरवर एका ओळीत सांगायला काय जातं? तुमच्या कंपनीचा असा काही नियम आहे का, हे सिम घेतानाच विचारा, आणि सिम चालू झाल्याची वेळ लिहून ठेवा.

त्या बाईंनीच आणखी एक गोष्ट सांगितली. कॉल येत असतील तर जिथे 'कॉल करून कोड सांगा' असा पर्याय असेल तिथे तो घ्या. व्हॉट्सअॅप असंच पाच मिनिटांत चालू झालं. म्हणजे रात्रभर जे अडलं होतं त्यातलं निम्मं तेव्हाच सुटलं असतं. व्हॉट्सअॅपला दोन टप्प्यांचा पिन लावला असेल तर तो मात्र आठवायला हवा, नाहीतर तिथेही सात दिवस थांबावं लागू शकतं.

अरे हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: सिम बंद करायच्या आधी, घरातल्या संगणकावर फोनच्याच गूगल किंवा अॅपल खात्याचं लॉगिन असेल तर हरवलेल्या फोनला लॉकचा आदेश देऊन टाका. तो आदेश फोनपर्यंत इंटरनेटवरूनच जातो, आणि सिम बंद केलं की बहुतेक वेळा तेही जातं. दोन मिनिटांचं काम आहे. त्याहून जास्त वेळ मात्र घालवू नका. आणि हातात फोन आहे तोवर *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवा. सिम बंद केल्याने नंबर थांबतो, यंत्र नाही. यंत्र बंद करायला हा आकडा लागतो. तो फोनच्या खोक्यावरही असतो, पण मी खोका फेकून दिला होता, सुदैवाने खरेदीच्या बिलावर सापडला.

६.५५ ला दादाला पुन्हा एसएमएस पाठवायला लावला. टिंग. 'आ' आला. कालचा 'अ' अजून आलेला नाही. बँकेचं लॉगिन उघडायला आणखी एक दिवस गेला.