आजचा दिवस डोक्याशी भांडण्यात गेला

सकाळपासून चालूच होतं, तुझ्याच्यानं काही होत नाही, सगळे पुढे गेले तूच राहिलीस वगैरे वगैरे. कारण काय, तर मॅनेजर मीटिंगमध्ये नुसतं "ठीक आहे" म्हणाला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. बस एवढंच! डबासुद्धा नीट गेला नाही.

मग काउन्सेलर मॅडमनी सांगितलंय तसं वहीत लिहिलं, डावीकडे विचार, उजवीकडे त्याचा पुरावा. "मी कामात झीरो आहे" याच्यासमोर लिहायला पेनच हलेना, उलट नवीन पोरीला एक्सेल मीच शिकवलंय ते आठवलं. हे मॅडमच्या मनाचं नाहीये हां, अ‍ॅरन बेक नावाच्या अमेरिकन सायकियाट्रिस्टने १९६० च्या दशकात पेशंटच्या डोक्यात आपोआप येणारे असे विचार हेरले आणि त्यातून सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत, निघाली.

लगेच बरं वाटलं का? नाही हो. विचार तिथेच, फक्त आवाज जरा कमी झाला. आणि "पॉझिटिव्ह विचार कर गं" म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, त्याने डबल वाईट वाटतं. संध्याकाळी मन नसताना भांडी घासली, खाली चक्कर मारून आले, कारण मूड यायची वाट बघत बसलं तर तो येतच नाही.

ज्यांचं दोन आठवड्यांच्या वर असंच चाललंय, झोप भूक उडालीये, त्यांनी वहीवर भागवू नका, डॉक्टरकडे जा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं.