तुम्ही विचारलंत म्हणून: "युद्ध संपलं, मग प्राणी परत आले ना?"

मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानाचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला, आणि त्याच्या शेपटाला 'निसर्ग सावरतोच हो'. तिथलं यादवी युद्ध १९७७ ते १९९२ चाललं. दोन्हीकडचे सैनिक रानातल्या मांसावर जगले, हस्तिदंत विकून शस्त्रं आली. तहानंतरची दोन वर्षं तर शिकारीला आणखीच ऊत आला.

प्राणी आले, हो. पण कोणते, ते विचारा. वॉटरबक ही हरणं युद्धाआधी सुमारे ३,५०० होती, २०१८ पर्यंत ५०,००० च्या वर गेली. रानरेडे १४,००० होते, ते त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. बिबळे संपले म्हणून झुडपात दडणारं बुशबक हरीण उघड्या मैदानावर चरायला लागलं. रानकुत्री तर २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १४ आणून सोडावी लागली.

आणि हत्ती. अडीच हजारांतले अडीचशेही उरले नाहीत. आपल्याकडे हत्तिणीला मोठे सुळे नसतातच, तिकडे असतात. बिनसुळ्यांच्या हत्तिणी युद्धाआधी १८.५ टक्के होत्या, वाचलेल्यांत ५१ टक्के. 'बघा, कसं जुळवून घेतलं!' असं कौतुक मीही करायचे. कसलं जुळवून घेणं? सुळेवाल्या मारल्या गेल्या, एवढंच. शिवाय सुळे नसण्याचा गुण आईच्या एका एक्स गुणसूत्रावर बसलेला. बिनसुळ्यांच्या आईच्या पोटी चार गर्भ धरा: एक मुलगी सुळेवाली, एक बिनसुळ्यांची. मुलगे दोन. ज्याला चांगलं एक्स मिळालं तो सुळे घेऊन जन्मतो. ज्याला दुसरं मिळालं तो जन्मतच नाही, कारण मुलीसारखं त्याच्याकडे सांभाळून घ्यायला दुसरं एक्स नसतं. म्हणजे जन्मलेल्या तीन पिल्लांत दोन माद्या. आपल्याकडे बिनसुळ्यांचा नर, म्हणजे मखना, असतो; गोरोंगोसात म्हणूनच तसा नर दिसत नाही. याला सावरणं म्हणायचं?

बरं, युद्धानंतर जन्मलेल्या मुलींत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलंय. उतरतंय, मान्य. तुमचं अगदीच चूक नाही. पण ३३ म्हणजे १८.५ नव्हे. शिवाय सुळा नुसता दागिना नसतो: त्यानं झाडांची साल निघते, मुळं उकरली जातात. बिनसुळ्यांची हत्तीण तेच झाड तसंच सोलेल कशी? आणि तहाच्या वेळी विशीत असलेली हत्तीण आज पन्नाशीत आहे, अजून कळपाच्या पुढे चालते.