शेतीसंरक्षणाची बंदूक: नकार लेखी मागा

काजू बोंडावर आला की माकडांच्या टोळ्या बागेत उतरतात आणि भात पोटरीत आलं की रानडुकरं एका रात्रीत खाचर लोळवून जातात. म्हणून कोकणात ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) किंवा काडतुसाच्या बाराबोर बंदुकीचा शेतीसंरक्षण परवाना ही चैन नव्हे, शेतीचं अवजार आहे. तरीही या परवान्याबाबत लोक तोंडी नकार ऐकून घरी परततात, याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क दुसऱ्या दुरुस्तीने दिला आहे. आपल्या घटनेत तसा मूलभूत हक्क नाही. पण घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) मुळे सरकारला मनमानी करता येत नाही. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पासपोर्ट जप्त झाला होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने ठरवलेली पद्धत न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे. परवान्यालाही हेच तत्त्व लागू पडतं.

आता शस्त्र अधिनियम १९५९ बघा. कलम १३(३) म्हणतं की पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यायचा आहे. तिथे ‘देता येईल’ असं लिहिलेलं नाही. ठासणीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बाराबोरसारखी, बंदूकही मंजूर करता येते. नकाराची कारणं कलम १४ मध्ये आहेत: अर्जदार कायद्याने अपात्र असणं, मानसिक अस्वास्थ्य, अन्य कारणाने अयोग्य ठरणं, सार्वजनिक शांतता. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही. दहा गुंठेवाल्याने हे लक्षात ठेवावं.

अर्ज अडतो तो बहुतेकदा सातबाऱ्यावर. उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि त्यांची संमतिपत्रं नाहीत. आधी तलाठ्याकडे फेरफार पुरा करून घ्या. नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही जोडा, कारण ‘खरंखुरं संरक्षण’ दाखवायला तेवढाच ठोस पुरावा हाती असतो. अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्यायची, कारण मुदती तिथूनच मोजायच्या असतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला ६० दिवस आहेत. पोलीस अहवाल वेळेत आला नाही, तर त्याची वाट न बघता निर्णय द्यायची मुभा कलम १३ मध्येच आहे. स्मरणपत्रात हे कलम नाव घेऊन लिहा.

राधानगरी किंवा फणसाडसारख्या अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत गाव असेल, तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. वन्यजीव अधिनियमाचं हे कलम ३४. घाटाखालच्या गावांतले अर्ज इथे महिनोन्‌महिने अडकतात. आणि परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली, असं नाही. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी.

नकार आला, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १४(३) खाली कारणांचं निवेदन लेखी मागा. अधिकाऱ्याने कारणं नोंदवायचीच असतात. ती न देण्याची मुभा आहे, पण फक्त सार्वजनिक हिताच्या कारणाने. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढ्यावर गप्प बसू नका. अहवालात काय म्हटलं आहे, यासाठी दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. कलम १८ च्या अपिलाला मुदत ३० दिवसांची, आणि मिळालेलं कारणांचं निवेदन त्याला जोडावं लागतं. म्हणून हा कागद पहिल्याच दिवशी मागायचा. अपिलात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. तिथेही हरलात, तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय आहे. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं.

राहिली निवडणूक, तेव्हा परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. आंबा-काजूचा अख्खा हंगाम त्यात गेला. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा, असं निवडणूक आयोगाचं म्हणणं नाही. जिल्हास्तरीय छाननी समितीने परवानाधारक तपासायचे असतात: जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले. तुम्ही यात बसत नसाल, तर पिकाचं कारण आणि सातबारा जोडून समितीकडे लेखी सवलत मागा.

तरी जमा करावीच लागली, तर पावतीवर नळीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. ‘बंदूक १ नग’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. नळी आतून पुसून, गजाला तेलाचं फडकं गुंडाळून दोनदा फिरवा, चापाच्या सांध्यात तेलाचे थेंब सोडा. खाऱ्या हवेत अडीच महिने पडून राहिलेली कोरडी नळी तांबेरल्याशिवाय परत येत नाही. निकालानंतर आठवड्याने पावती घेऊन ठाण्यात जायचं.