रिफ्लक्स २ असेल तर बॉइल-अप ३ कसा?

परवा डिस्टिलेशन कॉलमबद्दल एका ज्युनियरने विचारलं, रिफ्लक्स रेशो (वरून कॉलममध्ये परत सोडलेलं लिक्विड भागिले वरून काढलेलं प्रॉडक्ट) २ धरलाय, तर बॉइल-अप रेशो पण २च धरू ना? प्रश्न चांगला आहे, कारण कॉलेजात आपण रिफ्लक्सवर तासन् तास घालवतो आणि कॉलमच्या खालच्या टोकाला काय चाललंय ते एका ओळीत उरकतो, आणि स्टीमचं बिल तर खालीच फाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

बॉइल-अप रेशो म्हणजे रिबॉयलरमधून (तळाचं लिक्विड उकळणारं उपकरण) परत कॉलममध्ये चढणारी व्हेपर भागिले खालून बाहेर काढलेलं बॉटम्स प्रॉडक्ट. या व्हेपरला व्ही-बार म्हणू, बॉटम्सला बी. दोन्ही मोलमध्ये. आता नीट बघा, रिफ्लक्स रेशोमध्ये आपण वरून परत येणारं लिक्विड मोजतो आणि बॉइल-अपमध्ये खालून परत जाणारी व्हेपर, म्हणजे दोन्हीकडे "परत पाठवलेला माल" मोजतोय हे खरं, पण एकीकडे लिक्विड (एल) आहे आणि दुसरीकडे व्हेपर (व्ही), त्यामुळे दोन आकडे सारखे यायचं काही कारणच नाही.

उदाहरण घेऊ. बेंझीन-टोल्युईन, फीड (कॉलममध्ये येणारं मिश्रण, एफ) १०० किलोमोल प्रति तास, त्यात अर्धं बेंझीन, वर ९५ टक्के बेंझीन हवंय आणि खाली ५ टक्के चालेल. मटेरियल बॅलन्स लावला की वरचं प्रॉडक्ट म्हणजे डिस्टिलेट (डी) ५० आणि बी ५०. रिफ्लक्स २, म्हणजे वरून परत येणारं लिक्विड १०० आणि वर जाणारी व्हेपर १५०. फीड उकळबिंदूवरचं लिक्विड असेल (क्यू म्हणजे फीडमधला लिक्विडचा वाटा, इथे क्यू = १) तर ते सगळं खालीच पडतं, व्हेपरमध्ये काहीच भर घालत नाही, म्हणजे फीडच्या खाली लिक्विड २०० आणि व्हेपर तीच १५०. बॉइल-अप रेशो १५० भागिले ५०, म्हणजे ३. झालं. स्ट्रिपिंग लाइनचा (आलेखावर फीडखालच्या भागाची रेषा) स्लोप २०० भागिले १५०, म्हणजे १.३३, आणि रेशोमध्ये १ मिळवून परत रेशोनेच भागलं तरी तेच येतं, ४ भागिले ३. हा ताळा मी दरवेळी करतो, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यांसाठी एकच सूत्र लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा:

व्ही-बार = (आर + १) × डी − (१ − क्यू) × एफ

आर म्हणजे रिफ्लक्स रेशो. यातला दुसरा भाग लोक विसरतात. फीड व्हेपर होऊन येत असेल तर क्यू शून्य, मग त्याच रिफ्लक्सला व्ही-बार १५० वजा १०० म्हणजे ५०, आणि बॉइल-अप रेशो थेट १! अरे वा, दोन तृतीयांश स्टीम वाचली, असं वाटतं ना? थांबा. हे गणित बरोबर आहे पण कॉलम चालणार नाही. रिलेटिव्ह व्होलॅटिलिटी (टोल्युईनच्या तुलनेत बेंझीन किती सहज उडतं) साधारण २.५ धरून मॅककेब-थील (कॉलमच्या पायऱ्या मोजायचा आलेख) काढलं की दिसतं, व्हेपर फीडला किमान रिफ्लक्सच २.१ च्या आसपास लागतो, त्यामुळे २ वर स्ट्रिपिंग लाइन इक्विलिब्रियम कर्व्हला ओलांडून जाते. रिफ्लक्स ३ केलात तर बॉइल-अप २ येतो आणि कॉलम जमतो. म्हणजे रिबॉयलरचं ओझं कमी झालं खरं पण फीडची व्हेपर करायला तुम्ही कुठेतरी उष्णता घातलीच आहे आणि कंडेन्सरवर १५० ऐवजी २०० आलेत. फीड प्रीहीट करायचा निर्णय घेताना हा हिशोब मांडलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

रेशोला स्टीममध्ये बदलणं सोपं आहे. खाली बहुतेक टोल्युईनच, त्याची लेटंट हीट (लिक्विडची व्हेपर करायला लागणारी उष्णता) साधारण ३३ किलोज्यूल प्रति मोल, मग १५० किलोमोलला साधारण १३७५ किलोवॅट, आणि ३ बारच्या स्टीमची लेटंट हीट किलोला २१६० किलोज्यूलच्या आसपास धरली तर तासाला जवळपास २.३ टन स्टीम. इथे कॉन्स्टंट मोलर ओव्हरफ्लो (दोन्ही घटकांची मोलमागे लेटंट हीट जवळपास सारखी) गृहीत धरलंय, बेंझीन-टोल्युईनला चालून जातं (३०.७ आणि ३३.२), पण ॲसिटोन-पाणी असेल तर २९ विरुद्ध ४०.७, तिथे सरळ एन्थाल्पी बॅलन्सच (उष्णतेचा ताळेबंद) करा, डोकं लढवत बसू नका.

चालू प्लांटवर उलटं, मीटरच्या आकड्यांवरून रेशो काढायचा असतो, आणि तिथे एक चूक मी पुन्हा पुन्हा बघितलीये. फोर्स्ड सर्क्युलेशन रिबॉयलर असेल तर पंपाच्या लाइनवर फ्लोमीटर असतो, आणि लोक तोच आकडा बी ने भागून मोकळे होतात. पण पंपातून फिरणाऱ्या लिक्विडपैकी थोडाच भाग व्हेपर होतो, बाकीचं लिक्विड म्हणूनच परत येतं आणि पुन्हा फिरतं, ते बॉइल-अपमध्ये धरायचं नाही. थर्मोसायफनमध्येही (पंपाशिवाय आपोआप लिक्विड फिरणारा रिबॉयलर) तेच. म्हणून स्टीमवरून काढा. स्टीमचे किलो गुणिले २१६०, भागिले ३३,०००, की किलोमोल आले. आणि बॉटम्सचा मीटर किलो दाखवत असेल तर आधी मोल करून घ्या, आपल्या उदाहरणात तासाला ४५७० किलो म्हणजे ५० किलोमोल, नाहीतर वर मोल आणि खाली किलो अशी खिचडी होते आणि येणारा आकडा कशाचाच नसतो.

त्याच ज्युनियरला मी म्हटलं, समज मीटरवर २.५ टन स्टीम दिसतेय, काढ. त्याचं उत्तर आलं ३.२७. म्हणाला, मग आपल्या हिशोबातला ३ चुकला का? नाही रे. जास्तीची २०० किलो खरंच व्हेपर करायला गेली की उघड्या पडलेल्या इन्सुलेशनमधून उडाली की एखादा स्टीम ट्रॅप (फक्त स्टीमचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) जिवंत स्टीम तशीच पुढे सोडतोय, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. वरचा रिफ्लक्स आणि डिस्टिलेट मोजून सूत्रातून व्ही-बार काढ, तो १५०च आला तर आधी ट्रॅप तपासायला जा.