बुजवलेल्या विहिरीतल्या बाटल्या

गिरगावातील आमच्या आजोबांची चाळ पुनर्विकासासाठी पाडायला घेतली, त्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर मी रोज तिथे जाऊन उभा राहत असे. मागच्या अंगणातला फरशीचा गोल चौथरा जेसीबीने उखडला आणि खालून दगडी बांधकामाची कड दिसू लागली, तेव्हा माझ्या लहानपणी आजी ज्या बुजवलेल्या विहिरीच्या गोष्टी सांगत असे ती हीच, हे माझ्या लक्षात आले. मुकादम म्हणाला, "काका, यात नुसत्या बाटल्याच निघतायत, भंगारवालासुद्धा घेणार नाही." त्या ढिगाऱ्यातून मी एक फिकट हिरवी, गळ्याशी चिमटल्यासारखी दिसणारी बाटली उचलली. तिच्या गळ्यात काचेची गोटी अजून खळखळत होती. या गोष्टीला बारा वर्षे झाली आणि तेव्हापासून जुन्या घरांच्या जागी बाटल्या शोधणे हा माझा छंद झाला आहे.

मुंबईत हा छंद विहिरींवाचून चालत नाही. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल सादर केला आणि रोगाचे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात हे त्यात दाखवून दिले. त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या गेल्या किंवा भराव टाकून बुजवल्या गेल्या. धार्मिक भावनेमुळे पारशी समाजाने या धोरणाला विरोध केला. पारशी पवित्र मानतात ती चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही पाहायला मिळते. सामान्य वाड्यांतल्या विहिरींत मात्र डबर, राख, फुटकी कौले, चिनी मातीची भांडी आणि बाटल्या असे हाताशी आलेले सगळे ओतले गेले. म्हणूनच अशी विहीर उघडली की एखाद्या घराने काही दिवसांत काय काय टाकून दिले, ते थराथराने समोर येते.

इतरत्र जुन्या घरांच्या परसात बाटल्यांचे साठेच्या साठे सापडतात, तसे आपल्याकडे होत नाही. त्याचे कारण सरळ आहे: मुंबईत रिकामी बाटली कोणी टाकतच नसे. तिच्यात रॉकेल भरले जाई, खोबरेल भरले जाई, गावाहून आलेला मध राहत असे, आणि यापैकी काहीच नको असेल तर ती दारावर आलेल्या बाटलीवाल्याला विकली जाई. बाटलीवाला आणि सोडावॉटरवाला ही आडनावे ज्या शहराने रुजवली, त्या शहरात धड बाटली मातीत जाणे हा अपघातच मानला पाहिजे. त्यामुळे माझ्या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक बाटल्यांचे गळे तुटलेले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. चोर बाजारात पैसे मोजले की अखंड बाटली मिळते, पण ती कोणत्या घरातली, किती खोलीवरून आली, तिच्या शेजारी काय पडले होते, हे तिथे कोणीच सांगू शकत नाही. माझ्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे वाडीचे नाव, तारीख आणि खोली लिहिलेली असते. बाटलीपेक्षा ती नोंद मला अधिक मोलाची वाटते.

बाटली वाचायला शिकणे हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. दोन बाजूंनी वर चढणारी साच्याची शिवण कुठे संपते, ते मी प्रथम बोटाने चाचपून पाहतो. ती गळ्यापाशीच विरली असेल, तर बाटली साच्यात फुंकून तिचे तोंड नंतर हाताने घडवलेले असते. ती थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावर बनलेली असते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण स्वयंचलित यंत्र आणले, त्यानंतरचा हा काळ. फिकट हिरवट छटा वाळूतल्या लोहामुळे येते. गर्द निळ्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या बाटल्या बहुधा विषारी औषधांच्या असत, कारण अंधारातही हाताला ओळख पटावी लागे.

माझी ती पहिली बाटली मात्र गोटी सोड्याची. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. सोडा भरताना बाटली उलटी धरतात. मग आतल्या वायूचा दाब गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो आणि बुचाची गरजच उरत नाही. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून ती गळ्यातल्या खोबणीत अडकवून ठेवायची असते. गोटीसाठी मुलांनी अशा असंख्य बाटल्या फोडल्या, म्हणून ही धड उरलेली बाटली मी कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवली आहे.

आई बाटल्या धुताना आत मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून त्या हलवत असे. मीही तसेच करतो. ओल्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहिल्याने काचेतील क्षार झिरपून जातात आणि वर इंद्रधनुष्यासारखा पातळ पापुद्रा धरतो. काही जण तो आम्लाने काढतात. मी त्याला हात लावत नाही, कारण बाटलीने जमिनीखाली काढलेला काळ त्या पापुद्र्यात आहे.

जागेच्या मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मी कुदळ उचलत नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. पावसाळ्यात खोदकाम पूर्ण बंद असते. भरावाची माती दगा देते आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. एरवीही कमरेपेक्षा खोल खड्ड्यात मी एकटा उतरत नाही. गेल्या वर्षी लालबागच्या एका जागेवर विकासकाने मला दोन तासदेखील दिले नाहीत आणि दोन रात्रींत सगळा राडारोडा डंपरने निघून गेला. त्यात एका संपूर्ण वाडीचा दिनक्रम गेला, याची मला अजून हळहळ वाटते.

माझगावातल्या एका जुन्या घराच्या मालकीणबाईंनी मात्र येत्या दोन रविवारांसाठी होकार दिला आहे. त्यांच्या सासूबाई अंगणातल्या तुळशी वृंदावनाच्या डाव्या बाजूला कधीच काही लावू देत नसत, कारण तिथली जमीन दरवर्षी थोडी खचते. मी टेप, वही आणि खुरपे पिशवीत भरून ठेवले आहे.